छडी गेली, पुढे काय?

बी. कॉम., द्वितीय वर्ष

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शाळेतील शिस्तीवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. हा विषय खरे तर बी. एड. करणाऱ्यांचा. परंतु माझी अक्का भालकी तालुक्यातील एका सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते आणि सुट्टीत घरी आली की तिच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो : "हातातली छडी काढून घेतली ते बरंच झालं, पण हातात दिलं काय?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचनात आले, जे शिक्षकांशी बोलून कळले आणि जे मी स्वतः मराठी माध्यमाच्या बाकावर बसून पाहिले, ते येथे मांडतो. शोधता शोधता असेही ध्यानात आले की या प्रश्नाचा अर्धा भाग शिक्षणशास्त्राचा असला तरी उरलेला अर्धा चक्क जमाखर्चाचा आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. शारीरिक शिक्षेला शिक्षणव्यवस्थेत थारा असू नये, असे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच म्हटले होते. २००० साली दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील शाळांच्या नियमांतील छडीची तरतूद रद्द ठरवली. मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला व तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी घातली. मोडणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होईल असेही सांगितले. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. म्हणजे मारायचे नाही, टाकून बोलायचे नाही आणि घालवूनही द्यायचे नाही.

कायदा येण्याच्या उंबरठ्यावर परिस्थिती कशी होती याचे दोन दाखले पुरेत. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या पाहणीचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २००९-१० या शालेय वर्षात सात राज्यांतील ६,६३२ मुलांना विचारले. आपल्याला कोणतीच शिक्षा झाली नाही, असे म्हणणारी मुले किती निघाली? फक्त ९. आपल्या महाविद्यालयातील एका वर्गात एवढी मुले पहिल्या बाकावर बसतात.

मी पहिलीत गेलो तो कायदा लागू झाल्यानंतरच. तरीही अंगठे धरणे, कोंबडा होणे (आमच्याकडे उर्दूच्या शेजारामुळे त्याला 'मुर्गा' म्हणत), बाकावर उभे राहणे, मैदानाला फेऱ्या मारणे हे सर्व प्रकार आमच्या पिढीने अनुभवले आहेत. छडी आणि विद्या यांचे यमक जुळवणारी म्हण तर आजही पालकच गुरुजींना ऐकवतात. "मारा पण शिकवा" असे सांगून मुलाला शाळेत सोडणारे वडील मी पाहिले आहेत. तेव्हा शिक्षकांना दोष देऊन हात झटकणे मला पटत नाही. साठ मुलांचा गलका, एकाच खोलीत दोन इयत्ता, वरून माहितीच्या फॉर्मांचा ससेमिरा. अशा वेळी छडी हे सर्वांत स्वस्त व झटपट साधन होते. कायद्याने ते काढून घेतले. रिकाम्या हाताचा शिक्षक मग एक तर ओरडतो, नाही तर दुर्लक्ष करतो, नाही तर दार लावून जुनेच चालू ठेवतो.

या रिकाम्या हातात काय द्यावे याचे एक व्यवस्थित उत्तर अमेरिकेत तयार झाले. त्याला तेथे 'पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्ट' म्हणतात. आपण त्याला 'सकारात्मक वर्तन-साहाय्य' म्हणू. याचा उगम शाळेत नाही. १९८० च्या दशकात तेथील काही संस्थांमध्ये तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींना ताळ्यावर आणण्यासाठी विजेचे झटके देण्यापर्यंत मजल गेली होती. त्याविरुद्ध ज्यांनी आवाज उठवला त्यांनी नुसता निषेध न करता पर्यायी रीत बसवली. १९९७ साली अपंग मुलांच्या शिक्षणाच्या तेथील कायद्यात या रीतीचा उल्लेख आला. ओरेगन विद्यापीठातील रॉबर्ट हॉर्नर व जॉर्ज सुगाई यांच्या पुढाकाराने तिचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आणि ती सर्वसाधारण शाळांत पसरली. आज तेथील हजारो शाळा ही पद्धत वापरतात.

तिच्या मुळाशी एक साधा विचार आहे. मुलाला गणित येत नसेल तर आपण ते शिकवतो. वाचता येत नसेल तर वाचायला शिकवतो. पण वागता येत नसेल तर मात्र मारतो. का? वागणे हेही शिकवण्याची गोष्ट का मानू नये? शाळेने तीन ते पाच अपेक्षा ठरवाव्यात आणि त्या नकारात नव्हे तर होकारात मांडाव्यात. 'धावू नये, ढकलू नये, बोलू नये' अशा पाटीऐवजी 'रांगेत उभे राहू, आपली पाळी आली की पुढे जाऊ' असे. 'नको' ऐकून मुलाला काय टाळायचे ते कळते, काय करायचे ते कळत नाही. मग या अपेक्षा वर्गात, नळावर, जेवणाच्या ओळीत, प्रार्थनेच्या वेळी प्रत्यक्ष कशा दिसतात हे त्या त्या ठिकाणी नेऊन करून दाखवायचे, सराव घ्यायचा, जून महिन्यात पुन्हा उजळणी करायची. मूल नीट वागले की ते त्याच क्षणी बोलून दाखवायचे. एकदा रागावण्यामागे चार-पाच वेळा चांगल्याची दखल घेतली जावी, असे प्रमाण ते सांगतात. आपल्या वर्गांत हे प्रमाण उलटे असते, हे विद्यार्थी मित्रांना सांगायला नको.

बहुतेक मुलांना एवढे पुरते. ढोबळमानाने शंभरातील ऐंशी मुले यातच बसतात, असा त्यांचा अंदाज आहे. पंधरा मुलांना थोडी अधिक मदत लागते : सकाळी एका ठरावीक शिक्षकाला भेटणे, दुपारी घरी जाताना पुन्हा भेटणे, दिवस कसा गेला ते दोन मिनिटे बोलणे. उरलेल्या पाचांसाठी एकेकाचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

हा स्वतंत्र विचार कसा करायचा हा भाग मला सर्वांत उद्बोधक वाटला. ही मंडळी म्हणतात, मूल वावगे वागते तेव्हा त्याला त्यातून काहीतरी मिळते, किंवा कशापासून तरी सुटका होते. वागण्याआधी काय घडले, मूल काय वागले आणि त्यानंतर काय झाले, या तीन गोष्टी टिपून ठेवल्या की ते 'काहीतरी' उघड होते. समजा एक मुलगा गणिताच्या तासाला रोज खोड्या काढतो. गुरुजी त्याला वर्गाबाहेर उभा करतात. गुरुजींच्या लेखी ही शिक्षा झाली. मुलाच्या लेखी? त्याला भागाकार येत नाही, फळ्यावर बोलावले तर हसे होते. बाहेर लिंबाखाली उभे राहिले की ते संकट टळते. म्हणजे गुरुजी रोज नकळत त्याला बक्षीस देत आहेत आणि खोडी रोज वाढत आहे. येथे उपाय शिक्षा वाढवणे हा नसून भागाकार शिकवणे हा आहे. आमच्या प्राध्यापकांनी खर्च व लाभ यांचा धडा शिकवताना हे उदाहरण घेतले असते तर मला तो लवकर कळला असता!

आता जमाखर्चाकडे येतो. आमचे मामा बिदरच्या गांधी गंजमध्ये अडत दुकानात मुनीम होते. ते सांगत, दिवसाचा व्यवहार किर्दीत जातो आणि किर्दीवरून खतावणी होते. नुसत्या किर्दीवरून धंदा कुठे बुडतोय ते कळत नाही; नावनिशीवार, मालवार खतावणी केली की कळते. शाळांत शिस्तीची किर्दही नसते, मग खतावणी कोठून येणार? "आमच्या शाळेत मुलं फार दंगा करतात" एवढेच एक सरसकट वाक्य असते. सकारात्मक वर्तन-साहाय्याचा कणा म्हणजे ही नोंद. प्रत्येक गंभीर प्रसंगाची एक ओळ लिहायची : काय घडले, कोठे, किती वाजता, कोणाबरोबर, त्यानंतर काय केले. महिन्याच्या शेवटी सर्व शिक्षकांनी एकत्र बसून त्यांची खतावणी करायची.

उदाहरणादाखल काल्पनिक आकडे घेऊ. समजा एका शाळेत महिन्यात ४० प्रसंग नोंदले गेले. त्यांतले २४ मधल्या सुट्टीतले आणि त्यांतलेही १८ नळाजवळचे निघाले. ही बेशिस्त मुलांची की नळाची? दोनशे मुलांना एक तोटी असेल तर ढकलाढकल होणारच. आणखी एक तोटी बसवणे आणि चौथी-पाचवीला पाच मिनिटे आधी सोडणे, एवढ्याने त्या १८ प्रसंगांतले कितीतरी कमी होतील. शिक्षा मात्र अठराजणांना झाली असती. आपल्या भागात शिजवलेले दुपारचे जेवण २००२ साली, राज्यात सर्वप्रथम सुरू झालेल्या जिल्ह्यांबरोबर, आले. बिसिऊटाची ती ओळ हा शाळेतला सर्वांत मोठा रोजचा जमाव. तिथे कोण कुठे उभा राहणार, ताट कोण धुणार, लहानांना आधी की मोठ्यांना, हे ज्या शाळेत ठरलेले आणि शिकवलेले असते तिथे आवाज कमी असतो, हे अक्कानेही पाहिले आहे.

आपल्या सीमाभागासाठी मी या नोंदीत एक रकाना मुद्दाम वाढवू इच्छितो : भाषेचा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले. बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले; भालकी, औराद, बसवकल्याण इकडे राहिले. गुलबर्ग्याचे, म्हणजे आजच्या कलबुर्गीचे, आळंद तसेच इकडे आले. रेषा नकाशावर पडली, घराघरांतल्या भाषा होत्या तिथेच राहिल्या. एकाच वर्गात घरी मराठी बोलणारा, कन्नड बोलणारा, उर्दू बोलणारा आणि तांड्यावरून आलेला गोरमाटी बोलणारा असे चौघे शेजारी बसतात. पहिलीच्या वर्गात बाई म्हणाल्या, "सालिनल्लि निल्लि", तर कन्नड मूल रांगेत उभे राहते, मराठी मूल इकडे तिकडे बघते, आणि तांड्यावरचे मूल शेजारी काय करतो ते पाहून त्याच्या अंगावर जाऊन आदळते. नोंद होते 'ऐकत नाही' अशी. खरे पाहता त्याने ऐकलेले असते, समजलेले नसते. हेच मराठी शाळेत तांड्यावरच्या किंवा कन्नड घरच्या मुलाच्या वाट्याला येते. या बाबतीत आपण मराठी माणसांनी स्वतःला निर्दोष समजू नये.

म्हणून अपेक्षांची पाटी आपल्याकडे एका भाषेत असून चालणार नाही. 'रांग', 'सालु', 'कतार' हे तिन्ही शब्द आणि शेजारी ओळीत उभ्या मुलांचे चित्र, असे असावे. यात भाषेच्या अभिमानाचा प्रश्न आणण्याचे कारण नाही. कन्नड ही राज्यभाषा आहे आणि ती आली पाहिजे; मला ती आली म्हणून मी आज कलबुर्गीत निर्धास्त फिरतो. परंतु भाषा येण्यापूर्वीच तिच्यावरून मार खाल्लेल्या मुलाला ती शिकावीशी वाटेल का?

दुसरा रकाना गैरहजेरीचा. ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर आईबाप गेले की मूलही जाते आणि तीन-चार महिन्यांनी परत येते. सातवीपर्यंत माझ्याबरोबर तांड्यावरचा एक मुलगा होता. कबड्डीत त्याचा हात कोणी धरू शकत नसे. त्याला रोज उशीर होई आणि उशिराबद्दल रोज बाहेर उभे राहावे लागे. पहिला तास गणिताचा असल्याने वर्षभरात त्याने किती गणित ऐकले असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. धाकट्या भावंडांना अंगणवाडीत सोडल्याशिवाय तो निघू शकत नव्हता आणि अंगणवाडी शाळेच्याच वेळेला उघडत असे. हे आम्हा मुलांना ठाऊक होते. नोंद करण्याची रीत असती, 'उशीर होण्याआधी काय घडले' हा रकाना असता, तर ते शाळेलाही आठ दिवसांत कळले असते. आठवीत त्याने नाव काढले नाही, फक्त येणे बंद केले. तो आता पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर आहे असे कळते.

मूल बदलण्यापेक्षा आधी शाळेची मांडणी बदलून पाहावी, हा विचार परदेशातून आला म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. मराठीत तो फार आधी प्रत्यक्षात आला आहे. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे १९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाड टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांचे काम बहरले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना पकडून आणले नाही. शाळाच कुरणावर नेली. ती त्यांची 'कुरणशाळा'. गैरहजेरी हा गुन्हा न मानता ती कशामुळे आहे हे पाहणे आणि कारण हलवता येत नसेल तर शाळा हलवणे, याहून चांगले उदाहरण मला अमेरिकन वाङ्मयात आढळले नाही.

मात्र ताराबाईंचा प्रयोग एका टेकडीवरचा होता. शेकडो शाळांत, तालुक्यात, जिल्ह्यात हे कसे न्यावे हा वेगळाच प्रश्न आहे आणि येथेच बहुतेक चांगल्या योजना गारठतात. अमेरिकन मंडळींचे अनुभवाचे बोल असे की, एका उत्साही शिक्षकाने केले तर त्याच्या बदलीबरोबर ते संपते. म्हणून शाळेतील दहापैकी आठ शिक्षकांनी तयारी दाखवल्याशिवाय सुरुवातच करू नये. मुख्याध्यापकाने स्वतः गटात बसावे. प्रत्येक काही शाळांमागे एक अनुभवी मार्गदर्शक असावा. आणि वरच्या कार्यालयाने पैसा, वेळ व प्रशिक्षण यांची तीन ते पाच वर्षांची हमी द्यावी. प्रथम थोड्या शाळा, त्या स्थिरावल्या की त्यांच्या शेजारच्या, अशी ही पसरण्याची गती आहे.

आपल्या राज्यात या गतीचा धडा 'नलि-कलि'ने दिलेला आहे. 'आनंदाने शिक' असा त्या कन्नड नावाचा अर्थ. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात काही सरकारी शिक्षकांनी आंध्रमधील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळा पाहून, युनिसेफच्या साहाय्याने ही पद्धत बसवली. तीत मुले इयत्तेप्रमाणे ओळीने बसत नाहीत, गटांत गोल करून बसतात. काही गटांना शिक्षक स्वतः शिकवतात, काहींना सोबतचे मूल मदत करते, एक गट आपले आपण काम करतो. प्रत्येक मूल चित्रखुणांच्या कार्डांवरून, आपल्या गतीने शिडी चढावी तसे पुढे जाते. भिंतीला खाली, मुलांच्या उंचीवर फळे असतात. गंमत अशी की या पद्धतीत 'शिस्त' नावाचे वेगळे प्रकरणच लागत नाही. हाताला काम आहे, आपण कोठवर आलो ते भिंतीवर दिसते, उठून कार्ड आणायला कोणी अडवत नाही. अशा वेळी जागेवर बसवून ठेवण्यासाठी लागणारी निम्मी छडी आपोआप निरुपयोगी होते.

२००९-१० पासून ही पद्धत राज्यातील सरकारी कन्नड शाळांच्या पहिल्या इयत्तांत एकदम लागू झाली. एका तालुक्यातील शिक्षकांनी आपण होऊन केलेली गोष्ट जेव्हा आदेशाने सर्वत्र जाते, तेव्हा कार्डांचे खोके पोहोचते. ते का करायचे हा विचार पोहोचेलच असे नाही. काही शाळांत ती कार्डे झिजलेली दिसतात, काही ठिकाणी कपाटात कोरी करकरीत. कोरी कार्डे पाहिली की मला माल न विकता फुगलेला साठा आठवतो. ताळेबंदात तो मालमत्ता म्हणून दिसतो, दुकानात मात्र गिऱ्हाईक नसते.

आपल्या जवळचा दुसरा दाखला सुरपूर तालुक्याचा. तेव्हा तो गुलबर्गा जिल्ह्यात होता, आता यादगीर जिल्ह्यात आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात अझीम प्रेमजी फाउंडेशनने शिक्षण खात्याबरोबर तेथे बालस्नेही शाळांचा उपक्रम हाती घेतला. निवडक दहा शाळा न घेता सबंध तालुका हे त्याचे क्षेत्र होते आणि त्यात शाळेचा परिसर, वर्गातील वातावरण, शिकवण्याची रीत, शिक्षकांची तयारी व गावाचा सहभाग यांचा एकत्र विचार होता. नळ आणि भागाकार या दोन्हींचा एकाच वेळी विचार करणे, असे मी याला म्हणेन.

मग बिदर-कलबुर्गीत हे कोठून सुरू करावे? यंत्रणा नवी उभारण्याची गरज नाही. कलबुर्गीला अपर आयुक्तांचे कार्यालय आहे, प्रत्येक जिल्ह्यात उपनिर्देशक व डाएट, तालुक्याला क्षेत्र शिक्षणाधिकारी, खाली क्लस्टर व त्याचे सी. आर. पी., आणि शाळेपाशी २००१ पासून एस. डी. एम. सी. अमेरिकन पुस्तकात 'शाळेचा गट' म्हणतात, पण आपल्या तांड्यावरच्या शाळेत शिक्षकच एक-दोन. गट कोणाचा करणार? येथे गट क्लस्टरचाच हवा. दहा-पंधरा शाळांचे शिक्षक एकत्र बसतात तेव्हा माहितीचे फॉर्म गोळा करण्याआधी अर्धा तास या खतावणीला द्यावा. सी. आर. पी. ने तपासनीस न होता मार्गदर्शक व्हावे. आणि मराठी, उर्दू शाळांच्या शिक्षकांसाठी हे प्रशिक्षण त्यांच्या भाषेत व्हावे. पाठ्यपुस्तके राज्य सरकार मराठीत छापतेच. मग दोन दिवसांच्या प्रशिक्षणाची पुस्तिका छापणे अवघड नाही.

यात एक धोका मला वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून स्पष्ट दिसतो. धंद्यात आतल्या वापराचा हिशेब वेगळा आणि करखात्याला दाखवायचा वेगळा, असे काही जण करतात हे सर्वश्रुत आहे. का करतात? खरा आकडा दाखवला की दंड बसतो म्हणून. शाळेच्या नोंदवहीचेही तेच होईल. ज्या शाळेत ४० प्रसंग नोंदले गेले तिच्या मुख्याध्यापकाला तालुक्याच्या बैठकीत उभे केले, तर पुढच्या महिन्यात आकडा शून्य येईल आणि नळावरची मारामारी तशीच राहील. म्हणून ही वही तपासणीची असता कामा नये. प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या शाळेला आधी तोटी मिळाली पाहिजे. असे एकदा घडले की बाकीच्या शाळा आपोआप लिहू लागतील.

बक्षिसांबद्दलही माझे थोडे वेगळे मत आहे. तेथील पुष्कळ शाळांत चांगल्या वागण्याबद्दल चिठ्ठ्या देतात आणि चिठ्ठ्या साठवून वस्तू घेता येते. ही रोकड झाली. रोकड आली की मूल हिशेब करू लागते, 'एवढ्याशा कामाला किती?' असे विचारू लागते, आणि चिठ्ठ्या जास्त वाटल्या की त्यांची किंमत उतरते. चलनवाढीचा नियम चौथीच्या वर्गालाही लागू आहे. ज्यांच्या विचारांवर गिजुभाई-ताराबाईंचे काम उभे राहिले त्या माँटेसोरीबाई तर शिक्षेप्रमाणे बक्षिसाच्याही विरुद्ध होत्या. आपल्या शाळांना चिठ्ठ्या परवडणार नाहीत हे एका परीने बरेच आहे. नाव घेऊन, नेमके काय चांगले केले ते सांगणारा शब्द पुरे. "शाब्बास" पेक्षा "तू लहान मुलीला आधी पाणी घेऊ दिलंस, मी पाहिलं" हे वाक्य मुलाच्या जास्त दिवस लक्षात राहते.

काही शिक्षक विचारतात की हे सगळे लाड झाले. पुढे जगात त्यांना कोण असे समजून घेणार? त्यांना माझे उत्तर असे की, या पद्धतीत चुकीला परिणाम नाही असे नाही. सांडलेले पाणी पुसायचे, फाडलेली वही चिकटवून द्यायची, ज्याला लागले त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जायचे. झालेले नुकसान भरून देणे हा व्यवहारातलाही नियमच आहे. छडीने ते भरून निघत नाही. वही फाटलेलीच राहते आणि वर एकाचा हात सुजतो.

राहता राहिली आठवीची गोष्ट. आमच्या भागातील मराठी शाळा बऱ्याच गावांत सातवीपाशी थांबतात आणि मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात जातात. त्या एका जूनमध्ये गाव, भाषा, शिक्षक, सोबती सगळे एकदम बदलते. दाखल्यावर जन्मतारीख असते, जात असते, 'वर्तणूक : चांगली' असा शिक्का असतो. त्या शिक्क्यावरून नव्या शाळेला काहीच कळत नाही. प्राथमिक शाळेच्या वहीतून त्या मुलाबद्दल दोन ओळी काढून दाखल्याबरोबर पाठवता आल्या तर? तक्रारीच्या नव्हेत, कशाने त्याला मदत झाली त्या. 'फळ्यावर बोलावू नये, वहीत विचारले की सांगतो.' 'धाकट्या भावंडांना सोडून येतो, पंधरा मिनिटे उशीर होतो.' 'कन्नड समजते, बोलायला लाजतो.' क्लस्टरच्या बैठकीत प्राथमिक आणि हायस्कूलचे शिक्षक मे महिन्याआधी एकदा समोरासमोर बसले, तर या ओळी कागदावर न लिहिताही सांगता येतील.